साडूभाऊंचं सेहेचाळीस

“ज्याने मृत्यूचं भय जिंकलं, त्याची या जगात कुठेच वाट चुकत नाही,” माझे साडू हॉस्पिटलच्या बाकावर ताठ बसून म्हणाले. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. ते उठले, संथ पावलं टाकत निघाले आणि थेट बायकांच्या स्वच्छतागृहात शिरले.

त्यांना बाहेर आणायला ताईंना जावं लागलं. ताई म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून बाहेर आणलं, स्कॅनच्या दाराकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हलकेच ढकललं. मी फाईल धरून बसलो होतो. हॉस्पिटलात प्रत्येक कुटुंबाचा एक फाईलवाला असतो. त्याला आजारातलं काही कळत नाही, पण कुठला कागद कुठल्या कागदाखाली आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. आमच्यात ते पद माझ्याकडे आलं, कारण मोटार माझी होती.

साडू हे नातं कुणी मुद्दाम जुळवत नाही. दोन परके पुरुष एकाच सासऱ्याला वेगवेगळ्या साली भेटायला जातात, आणि त्यानंतर जन्मभर एकमेकांचे साक्षीदार होऊन बसतात. माझे साडू एकाहत्तर वर्षांचे. नऊ वर्षांपूर्वी बायपास झालेली, ती सोडली तर तब्येत ठणठणीत. दुखणं असं काही नव्हतंच. सगळं सुरू झालं ते एका चौकोनापासून.

पेन्शनरांच्या संघाने सभासदांच्या रक्ततपासणीची सोय केली होती. फॉर्मवर साखर, चरबी, थायरॉइड असे चौकोन होते आणि सगळ्यात खाली एक चौकोन होता, ‘ट्यूमर मार्कर (ऐच्छिक)’. साडूभाऊंना फॉर्मवरचा कुठलाही चौकोन रिकामा बघवत नाही. त्यांनी तिथे बरोबरची खूण केली. ऐच्छिक म्हणजे काय, हे त्यांनी मला नंतर विचारलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. साखर ठीक, चरबी ठीक. तळाशी तीन अक्षरं, सीईए, आणि पुढे सेहेचाळीस पूर्णांक दोन. शेजारी कंसात लिहिलं होतं, पाचपर्यंत चालतं. आणि वर टोक केलेला लाल बाण.

घरच्या डॉक्टरांनी बाण पाहून चष्मा काढला. डॉक्टर चष्मा घालतात तेव्हा काळजी नसते; काढतात तेव्हा असते. त्यांनी समजावून सांगितलं, की हे एक प्रथिन आहे. मूल पोटात असताना त्याच्या आतड्यात ते भरपूर तयार होतं, जन्मानंतर जवळजवळ बंद पडतं. मोठेपणी कुठे गाठ झाली, विशेषतः पोटात, तर त्या गाठीतल्या पेशी पुन्हा ते प्रथिन बनवू लागतात.

“म्हणजे माझ्या आत कुणीतरी लहान होतंय,” साडूभाऊ म्हणाले.

“बाहेर तर झालेलंच आहे,” ताई म्हणाल्या. पण रिपोर्टाची घडी त्यांनी बाण आत जाईल अशी घातली, हे मी पाहिलं. फाईलवाल्याला असल्या गोष्टी दिसतात.

मग साडूभाऊंची शोधमोहीम निघाली. सोनोग्राफी झाली. वरून दुर्बीण घातली, खालून दुर्बीण घातली. (“मधे कुठेतरी भेटल्या असतील दोघी,” साडूभाऊ.) काही सापडलं नाही. शेवटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाशी एक ठिपका दिसला, वाटाण्याहूनही लहान. सुईने तुकडा काढावा तर जागा अवघड. रक्त पुन्हा तपासलं, पंचेचाळीस पूर्णांक आठ. आणखी पंधरा दिवसांनी, सेहेचाळीस पूर्णांक चार. प्रत्येक वेळी लाल बाण.

सर्जन तरुण होता, हुशार होता, आणि बोलताना टेबलावरचं पेन उचलून परत त्याच जागी ठेवायचा. “नुसता ठिपका असता तर मी म्हटलं असतं, सहा महिन्यांनी या,” तो म्हणाला. “तुमच्या वयात असे ठिपके कितीतरी लोकांत निघतात. पण ठिपका आणि वर सेहेचाळीस! मी थांबायला सांगितलं आणि ते पसरलं, तर?” त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वादुपिंडाचं शेपूट कापायचं, त्याला चिकटलेली प्लीहाही काढायची. नंतर मधुमेह होऊ शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बायपासचे कागद चाळले आणि म्हणाले, “टेबलावरून उठतील. बहुतेक उठतील.”

त्या ‘बहुतेक’वर आमचं घर पुढचे दहा दिवस जगलं.

साडूभाऊंनी मात्र ते दहा दिवस सोन्याचे केले. मरणाच्या दारातला माणूस कसा असावा याबद्दल त्यांच्या काही कल्पना होत्या, आणि त्या त्यांनी एकही न वगळता पार पाडल्या. ते हळू बोलू लागले. खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. भेटायला येईल त्याला ते माफ करू लागले. मला त्यांनी तीन गोष्टींबद्दल माफ केलं. त्यातल्या दोन मी केल्याच नव्हत्या, आणि तिसरी त्यांना कळली कशी, हा विचार मला अजून छळतो. ताईंना ते म्हणाले, “अगं, माझ्यामागे रडू नकोस.” ताई म्हणाल्या, “आधी ते ओले पाय पुसा.” आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. भांडी तर सगळी घासून झालेली होती.

आता इथे एक कौटुंबिक गुपित सांगणं भाग आहे.

माझे साडू चौतीस वर्षं वैद्यकीय कॉलेजच्या प्राणीघरात नोकरीला होते. प्राणीघर म्हणजे प्रयोगांसाठी उंदीर पाळतात ती इमारत. तिथल्या पिंजऱ्यांतला भुसा बदलणं, दाणापाणी करणं, पिल्लं मोजणं, प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांना हवे तितके उंदीर हवे त्या वयाचे काढून देणं, हे त्यांचं काम. ते त्यांना मनापासून आवडायचं. एका दालनात आठशे उंदीर, आणि कुठला आजारी आहे हे ते दारातून सांगायचे.

ताईंना हे लग्न ठरताना ‘मेडिकल कॉलेजात आहेत’ एवढंच सांगितलेलं होतं. बाकीचं त्यांना लग्नानंतर वासावरून समजलं. त्या दिवसापासून घरात नियम झाला: कामावरून आलं की मागच्या दाराने थेट मोरीत, आणि त्या प्राण्याचं नाव उंबऱ्याच्या आत काढायचं नाही. फारच अडलं तर ‘ते’ म्हणायचं. “आज त्यांच्यातल्या सहाजणांना पिल्लं झाली,” असं साडूभाऊ जेवताना म्हणायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं कॉलेजातल्या कुणाची तरी गोष्ट चालली आहे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना ‘संशोधनात होते’ असं सांगण्यात आलं. ते खोटंही नव्हतं. इतकं संशोधन त्यांच्या हातातून गेलं होतं, की कुणा प्राध्यापकाच्या गेलं नसेल. फक्त ते शेपटीला धरून गेलं होतं.

तर हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या चौकोनात साडूभाऊंनी, ताईंच्या देखरेखीखाली, लिहिलं: ‘निवृत्त. संशोधन विभाग (प्रशासन)’. मी तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावला. सहा आठवड्यांत तो नऊ डॉक्टरांनी वाचला असेल. एकानेही पुढे काही विचारलं नाही. प्रशासनात कुणाला काय विचारणार?

ऑपरेशन गुरुवारी सकाळी नऊला. बुधवारी आम्ही त्यांना दाखल केलं. दोन खाटांची खोली, शेजारची खाट रिकामी. रक्त घेऊन गेले. ताईंनी तीन पिशव्या आणल्या होत्या आणि त्या कपाटात कुठल्या क्रमाने ठेवायच्या यावर त्यांचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. बाराच्या सुमाराला दार वाजलं आणि एक जाड भिंगांच्या चष्म्याच्या बाई आत आल्या. पांढरा कोट, पायात रबरी चपला, हातात एक प्रिंटआउट.

“मी खालच्या लॅबची,” त्या म्हणाल्या. “रक्त मी तपासते. पेशंट कोण?”

खाटेवर झोपलेला एकच माणूस होता, पण आम्ही तिघांनीही हात वर केल्यासारखं केलं.

“आजचा आकडा सेहेचाळीस पूर्णांक शून्य,” लॅबच्या बाई म्हणाल्या.

“वाढला नाही ना?” ताई.

“तेच तर! वाढला नाही. दोन महिने होत आले. सेहेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस. गाठ असती तर वाढली असती, काहीतरी हालचाल केली असती. गाठ काय अशा पाट्या टाकत बसते का?” त्यांनी स्टूल ओढलं. “आणि मला एक सांगा, पहिला रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा. त्यांचं मशीन कुठलं, मी फोन करून विचारलं. आमचंच आहे. तेच मशीन, तेच किट. म्हणजे चार वेळा खात्री केली म्हणतात, ती एकाच माणसाला चार वेळा विचारल्यासारखी झाली. बरं, पूर्वी काय काम करत होतात?”

साडूभाऊंनी ताईंकडे पाहिलं.

“संशोधन,” ताई म्हणाल्या.

“कसलं?”

“जीवशास्त्रातलं.”

“अहो, पण त्यात काय करायचे ते?”

“प्रशासन,” ताई म्हणाल्या, आणि पिशवीतला टॉवेल काढून त्याची घडी मोडून परत घातली.

लॅबच्या बाईंनी चष्म्याच्या वरून साडूभाऊंना न्याहाळलं. “काका, मी उगाच विचारत नाही. उद्या तुमचं पोट फाडणार आहेत. घरी प्राणी पाळलेत का? कधी प्राण्यांचं रक्त, लस, सिरम, असलं काही टोचून घेतलंय? प्राण्यांत काम केलंय? माझ्यापाशी आजची दुपार आहे, बस्स.”

मी सांगणार होतो. खरंच. जीभ उचलली होती. पण ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी फाईलचा कोपरा सरळ करू लागलो. चाळीस वर्षांची सवय आहे ती, ऑपरेशन उद्यावर आलं म्हणून एका दमात सुटत नाही.

साडूभाऊ उशीवर जरा वर सरकले. दहा दिवसांचा तो हळू आवाज कुठच्या कुठे गेला.

“उंदीर,” ते म्हणाले.

“अहो!” ताई म्हणाल्या.

“उंदीर,” साडूभाऊ पुन्हा म्हणाले, या वेळी जरा चव घेऊन. “चौतीस वर्षं. मेडिकल कॉलेजचं प्राणीघर. रोजचे आठशे. चावलेत किती वेळा त्याची गणतीच नाही. हे बघा अंगठ्याला.”

लॅबच्या बाईंनी अंगठा पाहिला. मग त्या अशा हसल्या की मला वाटलं त्यांना वेड लागलं. “निवृत्त होऊन किती वर्षं?”

“अकरा.”

बाईंचं हसू थोडं ओसरलं. “अकरा वर्षं फार झाली हो. तोवर त्याचा रक्तातला जोर बराच कमी व्हायला हवा. त्यानंतर संबंध आला नाही?”

साडूभाऊ छताकडे बघू लागले. छताला एक पंखा होता, तो बंद होता.

“अहो, सांगा ना,” ताई म्हणाल्या. “नाही म्हणा.”

“दर शनिवारी जातो,” साडूभाऊ पंख्याला म्हणाले.

“शनिवारी तुम्ही वाचनालयात जाता!”

“वाचनालयाच्या पुढे दोन स्टॉप. तीच बस जाते.” मग एकदम त्यांना शब्द सापडले. “अगं, नवीन माणूस नेमलाय, त्याला धरता येत नाही! शेपटीच्या टोकाला धरतो. बुडाशी धरायचं असतं, आणि दुसरा हात खाली द्यायचा. मी जाऊन एक तास दाखवतो. भुसा बदलून देतो. तेवढंच.”

“अकरा वर्षं?” ताई.

“मंदबुद्धी आहे जरा.”

“आणि म्हणून शनिवारी संध्याकाळी आल्याआल्या आंघोळ! मी म्हणत होते, वाचून एवढं काय अंग मळतं माणसाचं!” ताई दुसऱ्या खाटेवर बसल्या. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी टॉवेल मांडीवर घेतला आणि लॅबच्या बाईंना विचारलं, “पण यांच्या रक्ताला त्यांचं काय?”

‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, हे बाईंच्या बरोबर लक्षात आलं. त्यांनी स्टूल पुढे घेतलं.

“हे प्रथिन रक्तात इतकं थोडं असतं की नुसतं दिसत नाही. म्हणून किटमध्ये दोन चिमटे असतात. एक नळीच्या तळाला चिकटवलेला, दुसरा मोकळा, त्याला दिवा लावलेला. मधे प्रथिन आलं की खालचा चिमटा त्याला धरतो, वरचाही धरतो, आणि दिवा तिथे अडकतो. जितके दिवे अडकले तितका आकडा. कळलं?”

“कळलं,” आम्ही तिघं म्हणालो. दोघांना कळलं होतं. तिसरा मी.

“हे चिमटे म्हणजे अँटिबॉडी. शरीर परक्या गोष्टीला धरायला तयार करतं ना, त्या. आणि किटमधल्या या अँटिबॉडी मुळात कुणाच्या? उंदराच्या. आता काकांचं बघा. चौतीस वर्षं आणि वर अकरा वर्षांचे शनिवार, उंदराची धूळ नाकात, उंदराचा चावा बोटाला. यांच्या शरीराने काय केलं, तर उंदराच्या प्रथिनाला धरायला स्वतःच्या अँटिबॉडी करून ठेवल्या. यांचं रक्त माझ्या नळीत गेलं. तिथे समोर उंदराचे चिमटे! यांच्या अँटिबॉडीने एका हाताने खालचा धरला, एका हाताने वरचा. दिवा लागला. मधे कोण उभं आहे ते मशीनला काय कळणार? त्याने दिवे मोजले आणि सेहेचाळीस छापले.”

साडूभाऊंनी अंगठा डोळ्यांजवळ नेला. “म्हणजे ते मला विसरले नाहीत,” ते म्हणाले.

“ते कधीच विसरले, काका. तुमचं रक्त त्यांना विसरलेलं नाही.”

“एकूण एकच,” साडूभाऊ म्हणाले.

“अजून नाचू नका,” बाई उठल्या. “हा माझा अंदाज आहे. सिद्ध करायला लागेल. आणखी एक नळी रक्त द्या.”

चार वाजता त्या परत आल्या, या वेळी सर्जनला घेऊन. सर्जनच्या हातात पेन होतं आणि ठेवायला टेबल नव्हतं, त्यामुळे तो अस्वस्थ होता.

“रक्त निम्मं पातळ केलं,” बाई म्हणाल्या. “खरं प्रथिन असतं तर सेहेचाळीसचे तेवीस यायला हवे होते. आले नऊ. साधा हिशेब बसत नाही, म्हणजे दाल में... म्हणजे गडबड आहे. मग दुसऱ्या नळीत मी आधीच उंदराचं सिरम घातलं, भरपूर. यांच्या अँटिबॉडी त्यालाच धरून बसल्या, चिमट्यांकडे फिरकायला त्यांना हातच उरले नाहीत. आकडा आला दोन.”

“किती?” ताई.

“दोन. पाचपर्यंत चालतं.”

ताईंनी सर्जनकडे पाहिलं. सर्जनने बाईंकडे पाहिलं. “मॅडम, हे तुमच्याच मशीनवर. मशीन चुकतंय असं तुम्ही म्हणता, आणि पुरावाही त्याच मशीनचा देता.”

“बरोबर आहे तुमचं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून एक नळी दुसऱ्या लॅबला पाठवलीय. त्यांची पद्धत वेगळी, चिमटे वेगळे, उंदराचा संबंध नाही. उद्या सकाळी आठला सांगतील.”

“नऊला मी टेबलाशी उभा असणार. मागे तो ठिपका आहेच. कागद हातात आल्याशिवाय मी थांबवणार नाही. आणि किटबरोबर याची काही सूचना असती तर—”

“आहे ना.” बाईंनी कोटाच्या खिशातून घडीघडीचा पातळ कागद काढला, किटच्या डब्यातला. बत्तीस घड्या आणि मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. एका ओळीखाली पेन्सिलने रेघ होती. “‘प्राण्यांच्या सतत सहवासात असणाऱ्या व्यक्तींमध्ये निकाल चुकू शकतो.’ हे वाचायला लागतं. आणि त्याच्याही आधी, माणसाने काय काम केलं ते विचारायला लागतं.”

“फॉर्मवर प्रशासन लिहिलंय,” सर्जन म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण फाईल माझ्याकडे होती. मी तो कागद काढून दिला. ताईंनी तो माझ्या हातातून घेतला, बरोबर आणलेलं पेन काढलं आणि ‘प्रशासन’ खोडून वर लिहू लागल्या. दोन अक्षरं लिहून थांबल्या. मग पेन नवऱ्याच्या हातात दिलं. “तुम्हीच लिहा. माझ्याच्याने होत नाही.”

साडूभाऊंनी लिहिलं. चांगलं मोठ्या अक्षरात, आणि शेवटी सहीसुद्धा केली.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी पोचलो, तेव्हा साडूभाऊंना मागून बंद बांधायचा हिरवा झगा घातलेला होता आणि डोक्यावर टोपी होती. घशाखाली रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता. ते हात जोडल्यासारखे पोटावर ठेवून पडले होते. मी शेजारी उभा राहिलो. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मृत्यूबद्दल काही म्हटलं नाही.

“साडूभाऊ,” ते हळूच म्हणाले, “भीती वाटतेय हो.”

“वाटणारच.”

“कालपर्यंत नव्हती. काल ते ‘दोन’ ऐकलं आणि भीती वाटायला लागली. उगाच सांगितलं त्यांनी.”

ताई पायाशी बसल्या होत्या. त्यांनी झग्याखालून बाहेर आलेलं नवऱ्याचं पाऊल हातात घेतलं आणि सोडलंच नाही. आठ वाजले. सव्वा आठ झाले. स्ट्रेचर ढकलणारी दोन माणसं येऊन दाराशी उभी राहिली, त्यातला एक म्हणाला, “आजोबा, चला, फिरवून आणतो.” साडेआठला साडूभाऊंना स्ट्रेचरवर घेतलं. लिफ्ट आली. आम्ही पाचजण, त्यात साडूभाऊ आडवे, असे आत शिरलो, आणि दार मिटत असताना मधे एक रबरी चप्पल आली.

लॅबच्या बाईंना धाप लागली होती. जिन्याने आल्या होत्या. त्यांनी कागद वर धरला; त्यांना बोलता येईना. मी तो घेऊन वाचला. फाईलवाल्याच्या आयुष्यातला तो एकमेव क्षण.

“एक पूर्णांक आठ,” मी वाचलं. “बाण नाही.”

ताईंनी विचारलं, “बाण नाही म्हणजे?” आणि उत्तराची वाट न बघता पदर तोंडाला लावला.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सर्जनने कागद दोनदा वाचला, तारीख वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली. मग पेन खिशात अडकवलं. “ठिपका सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोपर्यंत घरी जा,” तो म्हणाला. जाता जाता वळला. “काका, सॉरी. मी विचारायला हवं होतं.”

“मी सांगायला हवं होतं,” साडूभाऊ म्हणाले. त्या प्रसंगात हे वाक्य फारच चांगलं झालं. ते त्यांच्याही लक्षात आलं, म्हणून ते त्यांनी आणखी एकदा म्हटलं.

आम्ही खोलीत परतलो. साडूभाऊंनी टोपी काढली. लॅबच्या बाई स्टुलावर बसून घाम पुसत होत्या.

“काका, एक मागणं आहे,” त्या म्हणाल्या. “तुमची केस मला डॉक्टरांच्या मासिकात लिहायची आहे. तुमचं नाव कुठेही येणार नाही. पण दुसऱ्या कुणाचं पोट असं उगाच फाडलं जाऊ नये, म्हणून. तुम्हा दोघांची परवानगी हवी.”

साडूभाऊ झग्यासकट उठून बसले. त्यांचा चेहरा उजळला. “चौतीस वर्षं, बाई! चौतीस वर्षं मी पिंजरे काढून देत होतो आणि दुसऱ्यांचे लेख छापून येत होते. कुणी विचारलं नाही की तुमचं यात काय आहे. आज माझं स्वतःचं रक्त विज्ञानाच्या उपयोगी पडतंय. लिहा! सगळं लिहा! प्राणीघर लिहा, भुसा लिहा, अंगठा लिहा. मला आता कसलीही लाज नाही. पुढच्या पिढ्यांनी वाचावं की या माणसाने—”

“थांबा जरा,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून लाल होते. त्यांनी पदर सारखा केला, स्टुलाजवळ गेल्या आणि आवाज खाली आणून लॅबच्या बाईंना म्हणाल्या, “लिहा तुम्ही, माझी ना नाही. फक्त एक करा. पांढरे होते, एवढं घाला. नाहीतर लोकांना वाटायचं, गटारातले.”